बिबा का उततो

थंडी पडली की पश्चिम विदर्भातल्या रानकडेच्या गावांत बिबे फोडायचं काम सुरू होतं. वाशिम जिल्ह्यात सोयाबीन घरात किंवा बाजारात गेलेलं असतं, तूर शेतात उभी असते आणि मजुरीचे दिवस विरळ झालेले असतात. रानातून वेचून आणलेले काळे, चपटे, बदामाच्या आकाराचे बिबे वाळवायचे, दगडावर ठेवायचे आणि नेमका घाव घालायचा. घाव हलका पडला तर कवच फुटत नाही. जोरात पडला तर आतली गोडंबी चेंगरते, आणि फुटक्या गोडंबीला भाव नाही. म्हणून बिबा बोटांनी धरूनच फोडावा लागतो. कवचाच्या दोन थरांमधल्या पोकळ्यांत दाट, तपकिरी रस भरलेला असतो. तो बोटांवर येतो, मनगटावर उडतो, कधी डोळ्याजवळ.

बायका हाताला तेल चोळतात, राख लावतात, तरीही बिबा उततो. रस लागला त्या दिवशी फारसं काही दिसत नाही. एक-दोन दिवसांनी कातडी लाल होते, खाज सुटते, पाणी भरलेले फोड येतात, पापण्या सुजून डोळे मिटतात. जिथे रस जास्त लागला तिथे कातडी काळी पडते आणि तो काळेपणा साबणाने, रॉकेलने, कशानेही निघत नाही. जुनी कातडी गळून नवी येईपर्यंत तो तसाच राहतो. काहींना नुसतं बिब्याच्या झाडाखालून गेलं तरी उततं, असं गावोगाव सांगतात. हीच गोडंबी पुढे बाळंतिणीच्या लाडवात जाते, डिंक-खारकेच्या शेजारी बसते, शहरातल्या सुक्या मेव्याच्या दुकानात काचेच्या बरणीत दिसते. बरणीवर त्या हातांचा उल्लेख नसतो.

हा लेख त्या रसाबद्दल आहे. गेल्या काही दशकांत जगातल्या मोठमोठ्या प्रयोगशाळा ज्या रासायनिक गटाच्या मागे लागल्या आहेत, तो गट या रसात आयता भरलेला आहे. त्याचं नाव कॅटेकॉल. ओल्या पृष्ठभागावर चिकटणारे गोंद, गंज रोखणारे लेप, शस्त्रक्रियेत टाक्यांऐवजी वापरता येतील अशी चिकटद्रव्यं, या साऱ्यांच्या रचनेत आज कॅटेकॉल केंद्रस्थानी आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: बिबा ज्या कारणाने उततो, त्याच कारणाने तो चिकटतो. या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. एकच अभिक्रिया आहे. ती कातडीवर घडली की फोड येतात आणि लाकडावर किंवा लोखंडावर घडली की लेप बसतो. त्यामुळे या रसापासून काही बनवायचं तर विचाराची सुरुवात त्या बोटांपासूनच करावी लागते.

आधी रेणू समजून घेऊ. सहा कार्बन अणूंचं एक कडं, म्हणजे बेंझीनचं कडं, डोळ्यांसमोर आणा. त्याला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, लागली की फिनॉल होतं. अशा दोन जोड्या शेजारी-शेजारी लागल्या की कॅटेकॉल. शेजारी असणं इथे महत्त्वाचं आहे. त्याच दोन जोड्या एक घर सोडून लागल्या तर पदार्थ वेगळा, रिसॉर्सिनॉल, आणि त्याचा स्वभावही वेगळा. शेजारच्या दोन जोड्या लोखंडाच्या किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडला दोन्ही बाजूंनी धरू शकतात. शिवाय हवा लागली, त्यातही वातावरण अल्कलीयुक्त असलं, की दोन्हींमधला हायड्रोजन निघून जातो आणि कॅटेकॉलचं क्विनोन होतं. क्विनोन फार अधीर असतं. समोर अमाइन किंवा गंधकाचा गट आला की ते त्याला कायमचं जोडून घेतं. असं कोणी भेटलंच नाही तर एकमेकांनाच जोडून घेऊन जाळं विणतं, आणि ते जाळं काळं-तपकिरी दिसतं. कापलेलं वांगं काळं पडतं ते यामुळेच. झुरळाचं मऊ कवच कात टाकल्यावर काही तासांत कडक आणि तपकिरी होतं, तेही याच घराण्यातल्या अभिक्रियेने.

कॅटेकॉल पहिल्यांदा वेगळं केलं गेलं ते 1839 मध्ये. जर्मन रसायनशास्त्रज्ञ राइन्श यांनी कातातलं कॅटेचिन तापवून त्याचं ऊर्ध्वपातन केलं तेव्हा ते मिळालं. कात म्हणजे आपल्या विड्यातला, खैराच्या गाभ्याचं लाकूड उकळून काढलेला. विदर्भाच्या कोरड्या रानात खैर आहे आणि बिबाही आहे. विड्यात कातावर चुना लावला की तोंड लाल होतं, कारण चुन्याच्या अल्कलीत कातातली कॅटेकॉल कडी हवेशी झटपट अभिक्रिया करतात. भिंतीवरची पानाची पिंक धुऊन का जात नाही, याचंही उत्तर तिथेच आहे.

परटांना हे रसायन फार आधीपासून ठाऊक होतं. गाठोड्यातले कपडे कोणाचे हे कळावं म्हणून ते बिबा टोचून त्याच्या रसाने कपड्याच्या कोपऱ्यावर खूण करत आणि वर चुना लावत. चुन्यामुळे रस काळा पडे आणि सुतात पक्का बसे. भट्टीत उकळूनही खूण जात नसे. वनस्पतिशास्त्रात या झाडाच्या वंशाला सेमेकार्पस हे नाव मिळालं ते याच कामावरून, खुणेचं फळ म्हणून. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर विचित्र पुरळ उठू लागलं. ते नेमकं परटाच्या खुणेखाली उठत होतं. 1943 मध्ये अमेरिकन लष्करी डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात त्याची नोंद केली. धुऊन, वाळवून, इस्त्री करून आलेल्या कापडावर उरलेला एवढासा रसही उतत होता. वाळलेला रस म्हणजे निरुपद्रवी रस, हे समीकरण खरं नाही. त्यातला प्रत्येक रेणू जाळ्यात अडकला आहे की नाही, यावर सगळं ठरतं. ही नोंद पुढे फार उपयोगी पडणार आहे.

बिब्याच्या रसाचं पहिलं काटेकोर विश्लेषण 1931 मध्ये पिल्ले आणि सिद्दीकी यांच्या शोधनिबंधातून आलं. सलिमुझ्झमान सिद्दीकी फ्रँकफर्टहून डॉक्टरेट घेऊन आले होते आणि दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात हकीम अजमल खान यांच्या प्रेरणेने देशी औषधी वनस्पतींचं रसायन तपासत होते. सर्पगंधेतून त्यांनी वेगळ्या केलेल्या अल्कलॉइडला त्यांनी हकीमसाहेबांचंच नाव दिलं, अजमलीन. बिब्यात त्यांना शेजारी-शेजारी दोन हायड्रॉक्सिल असलेला मुख्य पदार्थ सापडला आणि त्याला त्यांनी भिलावनॉल म्हटलं. पुढच्या संशोधनात त्याची रचना पुरती स्पष्ट झाली: एक कॅटेकॉलचं कडं आणि त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी. शेपटीत कुठे एक दुहेरी बंध, कुठे दोन.

ती शेपटी अगदी मोक्याची आहे. तिच्यामुळे रेणू तेलकट होतो, पाण्यापासून दूर राहतो आणि सुकलेला थर ठिसूळ न होता थोडा लवचीक राहतो. दुहेरी बंध असल्याने जवसाच्या तेलासारखा तो हवेत हळूहळू घट्टही होतो. विदर्भात जवस पिकवणाऱ्यांना आणि त्याच्या तेलाचा रंग-वार्निश करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणजे एकाच रेणूत दोन प्रकारांनी सुकायची सोय आहे, कड्याकडून आणि शेपटीकडून. पण हीच शेपटी त्या रेणूला कातडीच्या तेलकट थरातून आत घेऊन जाते. आत गेल्यावर कॅटेकॉलचं क्विनोन होतं आणि क्विनोन आपल्याच प्रथिनांना चिकटतं. शरीर त्या बदललेल्या प्रथिनांना परकं मानतं आणि रोगप्रतिकारक पेशी तिथे हल्ला चढवतात. म्हणूनच उतायला एक-दोन दिवस लागतात, आणि म्हणूनच एकदा उतलं की पुढच्या वेळी थोड्याशा रसानेही उततं. चिकटणं आणि उतणं एकच आहे, असं मी म्हणतो ते याचसाठी.

ही शक्ती माणसाने फार पूर्वी आवाक्यात आणली आहे, पण ती आपल्याकडे नव्हे, जपान आणि चीनमध्ये. तिथल्या उरुशी झाडाच्या चिकात असतं उरुशिओल, भिलावनॉलचं सख्खं भावंड. तेच कॅटेकॉल, तीच पंधरा कार्बनची शेपटी, दुहेरी बंध मात्र अधिक. जपानी रसायनशास्त्रज्ञ रिको माजिमा यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत त्याची रचना उलगडली. चीनमध्ये हेमुडू इथे सापडलेला अशाच चिकाचा लाल लेप दिलेला लाकडी वाडगा सुमारे सात हजार वर्षांपूर्वीचा आहे. हा थर आम्लाला, अल्कोहोलला, गरम रश्शाला दाद देत नाही, आणि त्यात जेवलं तर काही होत नाही. कच्च्या चिकाने मात्र कारागिराचे हात उततात. शिकाऊ मुलांना ते सोसावंच लागतं, अशी तिथली रीत आहे.

उरुशी सुकवायची पद्धत ऐकणाऱ्याला उलटी वाटते. रंग आपण कोरड्या हवेत, उन्हात सुकवतो. उरुशी सुकवायला दमट कपाट लागतं, हवेत 70 ते 80 टक्के आर्द्रता असलेलं. कारण सुकवणारं एक विकर आहे, लॅकेज. ते त्या चिकातच असतं आणि ओलाव्याशिवाय काम करत नाही. 1883 मध्ये हिकोरोकुरो योशिदा यांनी त्याची पहिली चाहूल घेतली आणि फ्रान्सच्या गॅब्रिएल बर्त्रां यांनी पुढे त्याला नाव दिलं. विकर कॅटेकॉलचं क्विनोन करतं, क्विनोन जाळं विणतं, मग शेपट्या हवेतल्या ऑक्सिजनशी जोडल्या जातात. अखेरीस मोकळा रेणू जवळपास उरत नाही. आपल्या परटांनी त्याच कामाला चुना वापरला. चुन्याने अभिक्रिया वेगात घडते, पण ती शेवटपर्यंत जाईलच असं नाही. दोन्ही रीतींमधला खरा फरक एवढाच आहे, आणि तो क्षुल्लक नाही.

आपल्याकडे लाखेचा उद्योग होता आणि आहे. गोंदिया-भंडाऱ्याकडे पळसावर लाखेचे किडे पाळतात, सावंतवाडीची खेळणी लाखेने चमकतात. पण लाख हे कॅटेकॉल नव्हे; ती तापवली की वितळते आणि अल्कोहोलमध्ये विरघळते. बिब्याचा रस नीट सुकला की वितळतही नाही, विरघळतही नाही. सागवानी खांबाला वाळवी लागू नये म्हणून, गाडीच्या आसाला वंगण म्हणून तो वापरात होता. कच्ची फळं कुटून पक्षी धरायचा चिकटा करत, अशीही नोंद जुन्या वनस्पतिकोशांत आहे. उपयोग किती तरी होते, पण त्यातून एखादं कारागिरीचं घराणं उभं राहिलं नाही.

बिब्याच्याच कुळातल्या काजूचं नशीब मात्र वेगळं निघालं. काजूच्या टरफलातही असाच जळजळीत रस असतो. त्यातल्या कार्डानॉलला एकच हायड्रॉक्सिल आहे आणि कार्डॉलला दोन आहेत, पण एक घर सोडून. अमेरिकेत मॉर्टिमर हार्वी यांनी 1920 आणि 1930 च्या दशकांत या टरफल-तेलाच्या रेझिनांची पेटंटं घेतली आणि मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात ते रेझिन गेलं. आजही जातं. जहाजांच्या इपॉक्सी लेपांना थंडीत आणि दमट हवेत घट्ट करणारी फेनाल्कमाइनंही कार्डानॉलपासूनच बनतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रकाश वाडगावकर यांच्या गटाने काजू-तेलातून मिळणाऱ्या पेंटाडेसिलफिनॉलपासून अनेक नवी एकवारिकं, म्हणजे पॉलिमरच्या साखळीचे सुटे दुवे, रचली. पंधरा कार्बनची शेपटी साखळीवर लटकत राहिली की एरवी हट्टी असणारी पॉलिमरंही विरघळतात आणि त्यांना आकार देता येतो, हे त्या कामातून दिसलं. काजूच्या रेणूला कॅटेकॉल करायचं तर प्रयोगशाळेत जास्तीची पायरी घ्यावी लागते. बिब्यात ती पायरी झाडानेच पूर्ण केलेली आहे.

कॅटेकॉलकडे जगाचं लक्ष मात्र ना उरुशीने वळवलं, ना बिब्याने. ते वळवलं शिंपल्याने. कोकणात खडकांना चिकटलेले शिनाणे नावाचे शिंपले खाणाऱ्याला माहीत असतं की ते हाताने ओढून निघत नाहीत, विळ्याने किंवा सुरीने सोडवावे लागतात. लाटा आपटतात, मीठ-पाणी सतत वाहतं, तरी शिनाणा आपल्या बारीक धाग्यांनी खडकाला धरून असतो. माणसाने बनवलेले बहुतेक गोंद ओल्या पृष्ठभागावर निकामी ठरतात, कारण पाण्याचा पातळ थर मधे येतो. शिनाणा नेमकी तीच अडचण सोडवतो. 1981 मध्ये हर्बर्ट वेट आणि मार्विन टँझर यांनी दाखवलं की त्याच्या चिकट प्रथिनात डोपा नावाचा अमिनो आम्लाचा घटक विलक्षण प्रमाणात आहे. डोपा म्हणजे कॅटेकॉलचं कडं असलेला टायरोसिन. पुढे त्या धाग्याच्या तळव्यातलं एक प्रथिन असं निघालं की त्याच्या घटकांपैकी जवळपास तीस टक्के डोपाच.

शिनाण्याची शिस्त पाहून थक्क व्हायला होतं. तो आपल्या पायाचा खळगा खडकावर दाबून धरतो आणि आत आम्लधर्मी वातावरणात प्रथिन सोडतो. समुद्राचं पाणी किंचित अल्कलीयुक्त, सुमारे आठ पीएचचं. तिथे कॅटेकॉल लगेच क्विनोन होऊन वाया जाईल. म्हणून चिकटायच्या क्षणी तो ते आम्लात राखतो, वर गंधकयुक्त प्रथिनाचा पहारा ठेवतो, म्हणजे चुकून क्विनोन झालंच तर ते परत कॅटेकॉल व्हावं. पाय उचलला की समुद्राचं पाणी आत येतं, आणि मग आतला भाग क्विनोन होऊन, लोहाला धरून घट्ट होतो. आधी पृष्ठभागाला धरायचं, मग स्वतः कडक व्हायचं. हा क्रम बिघडला की सगळं फसतं. 2015 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली: डोपाच्या शेजारी लायसिन का असतो. लायसिनचा धनभार खडकावरचे मिठाचे आयन बाजूला सारतो आणि कॅटेकॉलला बसायला जागा करून देतो.

2007 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात हेशिन ली आणि फिलिप मेसरस्मिथ यांनी याचा अगदी सोपा अवतार मांडला. डोपामाइन घ्यायचं, एका मिलिलिटर पाण्यात दोन मिलिग्रॅम, पीएच साडेआठ, आणि वस्तू त्यात बुडवून ठेवायची. चोवीस तासांत तिच्यावर सुमारे पन्नास नॅनोमीटर जाडीचा काळपट थर बसतो. काच, पोलाद, प्लास्टिक, इतकंच काय टेफ्लॉनसुद्धा, ज्याला काहीच चिकटत नाही. हा शोधनिबंध हजारो वेळा उद्धृत झाला. तो वाचताना परटाचा चुना आठवल्याशिवाय राहत नाही. अल्कली, हवा, कॅटेकॉल आणि न धुतला जाणारा काळा थर, हे सगळं आपल्या धोबीघाटावर आधीच होतं. फक्त कोणी मोजलं नव्हतं, आणि मोजण्यानेच विद्या पुढच्या माणसाच्या हाती जाते.

आता रचनेकडे येऊ, कारण खरं कौशल्य तिथे आहे. साखळीवर कॅटेकॉल लावायचं म्हटल्यावर पहिली अडचण अशी की कॅटेकॉलला साखळी होऊ देणंच आवडत नाही. स्टायरीनच्या टाक्यांत ते आपोआप पॉलिमर होऊ नये म्हणून कारखानदार अगदी थोडं कॅटेकॉल-वर्गीय रसायन मुद्दाम घालतात. दहा लाख भागांत दहा-पंधरा भाग पुरतात. वाढत्या साखळीच्या टोकाचा मूलक ते खाऊन टाकतं. मग कॅटेकॉलयुक्त साखळी बनवायची कशी? झाकून. पर्ड्यू विद्यापीठात जोनाथन विल्कर यांच्या गटाने दोन्ही हायड्रॉक्सिल मिथाइल गटांनी झाकलेलं स्टायरीन घेतलं, साध्या स्टायरीनबरोबर त्याची साखळी केली आणि साखळी पूर्ण झाल्यावर झाकणं काढली. कोणी सिलिकॉनचं झाकण वापरतं, कोणी अ‍ॅसिटोनचं. झाकण कोणतंही असो, ते वेळेवर निघालं पाहिजे आणि निघताना साखळी तोडून गेलं नाही पाहिजे.

दुसरा प्रश्न प्रमाणाचा. जास्त कॅटेकॉल म्हणजे जास्त चिकटपणा, असं वाटतं. तसं होत नाही. विल्करांच्या प्रयोगांत साखळीत सुमारे 33 टक्के कॅटेकॉल असताना जोड सर्वांत मजबूत निघाला. त्याहून कमी असेल तर पृष्ठभागाला धरायला हात अपुरे. त्याहून जास्त असेल तर ती कडी एकमेकांतच इतकी गुंततात की पृष्ठभागासाठी कोणी उरत नाही, आणि गोंद आतून दगड होतो पण जोड सहज सुटतो. गोंदाला दोन कामं असतात, बाहेर धरायचं आणि आतून एक राहायचं. न बदललेलं कॅटेकॉल पहिलं काम करतं, क्विनोन दुसरं. टायटॅनियमवर एकेका डोपा रेणूला ओढून पाहिलं तेव्हा हेच दिसलं: कॅटेकॉल असताना पकड जबरदस्त, तोच रेणू क्विनोन झाला की पकड ढिली. अमाइन असलेल्या पृष्ठभागावर मात्र उलट, तिथे क्विनोन कायमचं जोडलं जातं. कातडीवर अमाइनही आहेत आणि गंधकही.

लोह हा तिसरा धागा. लोहाचा एक आयन एक, दोन किंवा तीन कॅटेकॉल धरतो. किती धरेल हे पीएचवर ठरतं. तीन धरली की लालसर जेल तयार होतं आणि ते तुटलं तरी पुन्हा जुळतं, कारण हे बंध सुटू आणि बसू शकतात. शिनाण्याच्या धाग्याच्या सालीत हीच युक्ती आहे. लोखंडी वस्तूवर कॅटेकॉलचा लेप गंज रोखण्यासाठी वापरायचा तर पृष्ठभागावरचं लोह स्वतःच जोडीदार होतं.

आणि आता सोयाबीन. वाशिमच्या काळ्या जमिनीत खरिपात सगळीकडे तेच दिसतं. तेल काढल्यावर उरलेली पेंड, जिला व्यापारी डीओसी म्हणतात, ती कोंबड्यांच्या खाद्यात जाते किंवा निर्यात होते. अमेरिकेत 1920 च्या दशकात सोयाच्या पिठापासून प्लायवूडचा गोंद करत. महायुद्धानंतर फॉर्मल्डिहाइडच्या रेझिनांनी त्याला बाजारातून हुसकलं, कारण सोयाचा गोंद पाण्यात सुटे. मग ओरेगॉन स्टेट विद्यापीठातले काइचांग ली किनाऱ्यावरच्या शिंपल्यांना लाटांत टिकून राहिलेलं पाहून विचारात पडले. 2002 च्या सुमारास त्यांनी सोया प्रथिनावर डोपामाइन जोडून दाखवलं आणि गोंद पाण्यात टिकू लागला. पण डोपामाइन महाग. प्लायवूडच्या भावात ते बसेना. म्हणून त्यांनी कॅटेकॉल सोडून, कागद ओला झाल्यावर फाटू नये म्हणून वापरायचं एक अमाइनयुक्त रेझिन सोयाच्या पिठात मिसळलं. 2005 पासून कोलंबिया फॉरेस्ट प्रॉडक्ट्स कंपनी त्या गोंदाने प्लायवूड बनवू लागली. 2007 मध्ये ली, ती कंपनी आणि हर्क्युलिस यांना अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला. फॉर्मल्डिहाइडला 2004 मध्येच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ ठरवलं होतं, त्यामुळे या कामाचं मोल मोठं होतं.

ही गोष्ट वाचताना मला वाशिमचा नकाशा दिसतो. शेतात प्रथिन आहे, रानात कॅटेकॉल आहे. लींना जो घटक महाग म्हणून सोडावा लागला, तो इथे टरफलाबरोबर जळणात जातो. दोन्ही एकत्र करणं सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. भिलावनॉल तेलकट आहे, सोयाचं पीठ पाण्यात कालवतात. त्यामुळे आधी पायस, म्हणजे इमल्शन, करावं लागेल किंवा ती शेपटी दुसऱ्या एखाद्या पाणीस्नेही साखळीवर बांधावी लागेल. झाडागणिक, रानागणिक रसाची घडण बदलते, एक दुहेरी बंधाचा आणि दोन दुहेरी बंधांचा भाग कमी-जास्त होतो. कारखान्याला दर ड्रम सारखा लागतो. आणि सर्वांत मोठी अट परटाच्या खुणेने घालून ठेवली आहे: तयार गोंदात, लेपात मोकळं भिलावनॉल उरता कामा नये. प्लायवूड कापणारा सुतार, टेबलावर हात टेकून अभ्यास करणारं पोर, या कोणालाही ते लागलं नाही पाहिजे. उरुशीच्या वाडग्यांनी ते साधतं हे सिद्ध केलं आहे, पण त्यामागे दमट कपाटातला संयम आहे.

रचनाकाराच्या दृष्टीने उत्तर एकच, मोकळ्या रेणूला लवकरात लवकर मोठ्या साखळीत बांधायचं. मोठी साखळी कातडीतून आत जाऊ शकत नाही. हे बांधणं जितकं झाडाच्या जवळ होईल तितकं बरं. बिबे फोडतात त्याच गावात बंद भांड्यात रस काढून त्याचं अर्धवट पॉलिमर केलं, तर पुढच्या वाहतुकीत, गोदामात, कारखान्यात हात उतण्याचा धोका बराच कमी होईल. आयुर्वेदात भल्लातकाची, म्हणजे बिब्याची, शुद्धी करताना त्याला विटेच्या चुऱ्यात घोळवून त्याचं जहाल तेल शोषून घेत. वापरण्याआधी त्याला आवरलं पाहिजे, हा विचार तिथे आहे.

पण गावातल्या भांड्याआधी गावातली बोटं येतात. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण चांगल्या हेतूने चुकीची मदत होऊ शकते. साधे पातळ रबरी हातमोजे बिब्यापुढे उपयोगाचे नाहीत. या जातीचे कॅटेकॉल नैसर्गिक रबरात विरघळतात आणि त्यातून पलीकडे जातात. जाड विनाइलचे हातमोजे लागतात, आणि ते घालून नेमका घाव घालणं अवघड. अमेरिकेत विषारी वेलीच्या उरुशिओलपासून बचावासाठी 1996 मध्ये मान्य झालेलं मलम चिकणमातीपासून, बेंटोनाइटपासून केलेलं होतं. त्या मातीवर रासायनिक संस्कार केलेले होते, त्यामुळे शेतातली काळी माती हाताला फासून तेवढं काम होणार नाही. आणि टरफलं चुलीत जाळली की धुरातूनही हे रेणू डोळ्यांत, घशात जातात. आज बहुतेक ठिकाणी टरफलाचं तेच होतं.

म्हणून गरज आहे ती बंद फोडणी यंत्राची, ज्यात बिबा बोटांनी धरावा लागणार नाही, गोडंबी अखंड निघेल आणि रस खाली एका भांड्यात जमेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने खेड्यांत चालणारी पीकेव्ही मिनी दालमिल देऊन दाखवलं आहे की आपल्या भागाच्या मापाचं यंत्र आपल्याच भागात घडू शकतं. रसाचं रसायन पाहायला पुण्याची प्रयोगशाळा आहे, मुंबईचं रसायन तंत्रज्ञान संस्थान आहे आणि त्याची जालन्याची शाखा वाशिमहून फार दूर नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावरचा हक्क गावाकडे आला आहे. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या वनोपज यादीत बिब्याचं नाव आहे. पण ती किंमत अख्ख्या बिब्याची असते. त्यातल्या रसाला वेगळं मोल नाही, त्यामुळे रस नीट जमवण्याचं कारणही कोणाकडे नाही.

झाडं दरम्यान कमी होत आहेत. बिबा कोणी लावत नाही, तो आपोआप उगवतो. बांधावर आला तर उततो म्हणून तोडला जातो. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती जिथून निघतात त्या टेकड्यांवरच्या रानात तो सागाच्या सावलीत उभा आहे, कोणाच्या मोजणीत नसलेला. सुरुवात करायची तर माझ्या मते ती मोजणीनेच व्हावी: कोणत्या गावच्या शिवारात किती झाडं, एका झाडाला एका हंगामात किती बिबे, त्या बिब्यांत रस किती आणि त्या रसात एक दुहेरी बंधाचं भिलावनॉल किती, दोनचं किती. हे काम एखाद्या कॉलेजच्या रसायन आणि वनस्पतिशास्त्र विभागाला दोन हंगामांत झेपण्याजोगं आहे. सोबत बिबे फोडणाऱ्या बायकांच्या हातांची तपासणी त्वचारोगतज्ज्ञाकडून व्हावी, हंगामाआधी एकदा आणि नंतर एकदा, आणि उपचाराचा खर्च त्यांच्यावर पडू नये. यंत्र चांगलं की नाही हे त्याच नोंदीवरून ठरवता येईल, आणि पुढे कधी वाशिमच्या बिब्याचा गोंद डब्यात भरला गेलाच, तर त्यात मोकळं भिलावनॉल किती उरलं आहे याची चाचणी कशी करायची, हेही तोपर्यंत इथल्या मुलामुलींना शिकून झालेलं असेल.